चौदा रविवारांची पत्रं

चि. खारूताईस,

तोफमामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे. घर शांत आहे, तुझी आई कामात आहे, आणि तुझी आठवण काढायला इथे कुणालाही सवड नाही. प्रकृतीविषयी विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. उत्तर मला माहीत आहे. ते रोज संध्याकाळी साडेसातला तुझ्या आईच्या फोनवर येतं. ताटाचा फोटो आणि खाली ‘मी मजेत’. परक्या राज्यातल्या विद्यापीठात जाऊन तुला सात आठवडे झाले आणि या सात आठवड्यांत तुझी मजा एका मिनिटानंही चुकलेली नाही. मला त्या वक्तशीरपणाचीच काळजी वाटते. या घरात तू अठरा वर्षं कुठल्याच गोष्टीला वेळेवर हजर नव्हतीस. म्हणून हे पत्र. (फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू ‘हो मामा, बरं मामा’ म्हणून मला दोन मिनिटांत गुंडाळतेस. कागदावर मला कुणी थांबवू शकत नाही.)

तुझ्याच वयात मीही असाच परराज्यात शिकायला गेलो होतो, हे तुला ठाऊक आहे, कारण मी ते प्रत्येक समारंभात सांगतो. समारंभात मी निवडक सांगतो. आज वगळलेला भाग ऐक. मी जावं हे तुझ्या आजोबांना अजिबात मान्य नव्हतं. मुलगा तिकडे ना धड शिकेल ना धड जेवेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासमोर मीठ वाढू का, यापलीकडे फारसं न बोलणारी तुझी आजी त्या दिवशी ताटं उचलता उचलता थांबली आणि म्हणाली, “तो जाईल आणि राहील. माझी हमी.” (मी वक्तृत्वाच्या एकोणीस ढाली जिंकल्या आहेत, पण सहा शब्दांत सभा जिंकताना आयुष्यात मी फक्त तिला पाहिलं.) तेव्हा लक्षात घे, मी परत आलो असतो तर तोंडावर आपटली असती ती. त्यात मी स्टेशनवर भाषण करून ठेवलेलं. ज्ञान मिळवल्याशिवाय या फलाटावर पाऊल ठेवणार नाही, वगैरे. भाषण पाच मिनिटांचं होतं आणि गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली. उरलेली पस्तीस मिनिटं मी आणि माझे नातेवाईक एकमेकांकडे बघत उभे होतो.

तिथे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की माझं सगळं भांडवल घरी राहिलं आहे. माझं भांडवल म्हणजे माझं तोंड. तिथली भाषा वेगळी, वर्गातली इंग्रजी तिथल्या भाषेच्या चालीवर बोललेली, आणि खोलीतले दोघे सोबती आपसात बोलून हसत तेव्हा मी उगाच सौजन्य म्हणून हसायचो. एका आठवड्यात मला तिथले चार शब्द आले : हो, नाही, पुरे आणि बादली. या चार शब्दांवर क्रांती होत नाही, बाई. तासन्‌तास विचारवंतांची पुस्तकं वाचून डोक्यात दारूगोळा भरलेला मी, न्हाणीघराच्या रांगेत ‘बादली, बादली’ म्हणत उभा असायचो. लोखंडी खाट, भिंतीला एक खिळा, खिळ्याला माझा सदरा. रविवारी दुपारी त्या सदऱ्याकडे बघताना मला त्याला इस्त्री करणारे तुझ्या आजीचे हात दिसले आणि मी घाबरलो. अजून खोटं लिहिण्याइतकी ताकद आहे तोवरच लिहून घ्यावं, असं ठरवून त्याच बैठकीत मी घरी चौदा पत्रं लिहिली. सत्र चौदा आठवड्यांचं होतं. दर रविवारचं एक, पुढच्या तारखा घालून. (दोनच महिन्यांपूर्वी मी ‘सत्य’ या विषयावर पहिली ढाल घेतली होती. परीक्षकांपैकी एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.)

पत्रं उत्तम होती, हे मी अभिमानाने सांगतो. चौथ्यात लिहिलं की जेवण इतकं रुचकर की मी दोनदा वाढून घेतो. सहाव्यात धावण्याच्या शर्यतीत दुसरा आलो. (पहिला आलो म्हटलं असतं तर आजोबांनी पत्र तिथेच ठेवलं असतं.) नवव्यात किरकोळ सर्दी, पण आता बरी आहे, कारण सगळंच चांगलं असलं की संशय येतो. अशी तयारी करून मी ती चवड वसतिगृहाच्या पहारेकऱ्याला दिली आणि कॅलेंडरवरचे रविवार बोटानं दाखवून, दर रविवारी एक टाकायचं, हे समजावलं. त्याला ते नीट समजलं होतं. पण तो तीस वर्षं नोकरी केलेला, मिशीपासून बुटापर्यंत नेटका माणूस. पुढच्याच आठवड्यात तो निवृत्त होत होता, ते मला माहीत नव्हतं. खणात एकही काम शिल्लक ठेवून जायचं नाही, हा त्याचा नेम. शेवटच्या दिवशी त्यानं खण रिकामा केला, किल्ल्या जमा केल्या, आणि मला मुद्दाम शोधून, माझा हात हातात घेऊन सांगितलं की काळजी करू नकोस, सगळी टाकली. इतक्या सज्जन माणसानं माझा घात करावा, याचा मला अजून राग येत नाही, याचाच राग येतो.

मी वाट बघत बसलो. आजोबा येणार, कान धरणार, आणि आजीची हमी त्या वसतिगृहाच्या पायरीवर मोडून पडणार. त्या अस्वस्थतेत माझ्या हातून आणखी एक पराक्रम घडला. जेवणात रोज भोपळा असे. एके दुपारी अन्यायाची परिसीमा झाली आणि मी बाकावर चढून भोपळ्याविरुद्ध अकरा मिनिटं बोललो, मराठीत, हात उगारून, आवाज चढवून. संपूर्ण भोजनगृह उठून उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वयंपाकी झाऱ्यासकट बाहेर आला, त्यानं मला हात जोडले, आणि त्या दिवसापासून सत्र संपेपर्यंत त्यानं मला भोपळा दुप्पट वाढला. अशा रीतीनं त्या चौदा पत्रांतलं चौथं तेवढं खरं झालं.

आजोबा आले नाहीत. आलं ते आजीचं पत्र, पहिल्याचं उत्तर. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. मी समजलो की बाकीची पत्रं टपालात कुठे तरी रखडत, नेमकी आठवड्याला एक अशी पोहोचत आहेत, आणि सरकारी दिरंगाईविरुद्ध आयुष्यभर बोललेलं सगळं मनातल्या मनात मागे घेतलं. आणि सहाव्या आठवड्यात मला ताप भरला. खराखुरा. सोबती वर्गात गेलेले, खिडकीबाहेर कुणीतरी गादी झोडपत होतं, आणि डाकवाल्यानं दाराखालून पत्र सरकवलं. तुझी आजी लिहीत होती, शर्यतीत दुसरा आलास, आनंद झाला, बाबांनी शेजाऱ्यांना सांगितलं, पण घामाचा सदरा अंगावर वाळवू नकोस. मी तापलेल्या अंगानं ते वाचलं आणि मोठ्यानं रडलो. कुणाला समजण्याचा प्रश्न नव्हता; रडणं तिथल्या भाषेतही तसंच होतं. मग मी पंधरावं पत्र लिहिलं. ताप आहे. इथे मला कुणाशी बोलता येत नाही. मला घरी यायचं आहे. तीन वाक्यं. तुझा मामा आयुष्यात इतकं थोडं पुन्हा कधी बोलला नाही.

त्याचं उत्तर माझ्याकडे अजून आहे. “तुझं पहिलं पत्र मिळालं,” अशी सुरुवात. पुढे लिहिलं होतं, “यायचं असेल तर ये. बाबांचं मी बघते. आधीची चौदा एकाच दुपारी आली, एकाच शाईची. मी ती शिवणयंत्राच्या खणात ठेवलीत आणि दर रविवारी एक वाचून दाखवते. जेवण झाल्यावर यांना ऐकायला बरं वाटतं. नवव्यात सर्दी आहे, तेवढी मी वगळेन.” बस. मी ते पत्र खिळ्यावरच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. घरी यायची मुभा खिशात होती, म्हणून म्हटलं, उद्या जाऊ. उद्या ताप उतरला. परवा सोबत्यांपैकी एकानं माझ्यासाठी बादली भरून ठेवली होती. असं उद्यावर ढकलत मी तिथे चार वर्षं राहिलो, आणि तुला सांगतो, आज त्या भोजनगृहाचा दरवळ कुठे आला तर मी भर रस्त्यात थांबतो. भोपळासुद्धा मला आता बघवतो. दर आठवड्याला मात्र मी घरी खरं लिहीत गेलो. आजी ते एकटी वाचायची आणि खण संपेपर्यंत आजोबांना खणातलं ऐकवायची.

तेव्हा माझं ठाम मत असं की माणसानं राहावं किंवा परत यावं, दोन्हींत काही गैर नाही. पण मजेत असल्याची पहारेदारी करत राहू नये. ती नोकरी फार वाईट, तिच्यातून कुणी निवृत्तही होत नाही.

तुझा,
(आज बराच कमी बोललेला)
तोफमामा

ता. क. १ : तुझ्या ताटांच्या फोटोंत मागे भिंतीवर घड्याळ आहे. एकोणपन्नास फोटो, आणि प्रत्येकात एक वाजून काही मिनिटं. एकाही मिनिटाची पुनरावृत्ती नाही, पण सगळी एकाच तासातली. काकडीचे तेच तीन काप कधी ताटाच्या डावीकडे, कधी उजवीकडे. कष्टाळू काम आहे. माझ्या वेळी नुसत्या तारखा बदलाव्या लागत.

ता. क. २ : हे मी तुझ्या आईला दाखवायला गेलो. शिवणयंत्राचा तो खण तिनं दहा वर्षांची असताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितला आहे, हे मी विसरलो होतो. तिनं फोटो मोठासुद्धा करून पाहिला नाही. म्हणाली, “दादा, राहू दे. ती पाठवते, मी बघते. खरं कधी सांगायचं ते तिचं तिला कळू दे.” आणि साडेसात वाजेपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसली. म्हणून माझी विनंती एवढीच : हे पत्र मिळेल त्या दिवशी साडेसातला फोटो पाठवू नकोस. तिला फोन कर. तीन वाक्यं पुरतात.

ता. क. ३ : ‘इकडे सर्व क्षेम आहे, तुझी आठवण काढायला कुणालाही सवड नाही’ असं वर लिहिलं आहे. तेवढा भाग मी मागच्या महिन्यातच लिहून ठेवला होता.