जिवंत तेवढे ठोके

२ मार्च
पोहोचले एकदाची. लेकीला नववा लागलाय, जावई जहाजावर अडकलेत, म्हणून बाळंतपणाला आले. घर छान, तिसरा मजला, भरपूर उजेड. पोरीनं दारातच साबणानं हात धुवायला लावले, माझी पिशवी उन्हात ठेवली. म्हटलं, आई आलेय, भाजी नव्हे. खूप हसली. साथीचं नुसतं खूळ डोक्यात घेतलंय सगळ्यांनी. ताप काय आजच निघाला?

९ मार्च
सगळा देश बंद. आमच्या डोक्यावर चौथ्यावर मास्तर राहतात, ते आणि त्यांची म्हातारी आई. दोघांना ताप, म्हणून दाराला बाहेरून पत्रा ठोकला. खाली डब्यापुरती फट. आता सरकारी हुकूम असा की बंद घरानं रोज संध्याकाळी आतून पत्र्यावर झाकण वाजवायचं, जिवंत माणसं तेवढे ठोके. तेवढेच डबे मिळणार. जिन्यात उभं राहून ऐकायला कुणी होईना. सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हटलं मी ऐकते, त्यात काय एवढं. पोरगी चिडली. तिला म्हटलं, पत्र्याआडून कान थोडाच धरतोय रोग.

१४ मार्च
मास्तर गमत्या माणूस. पत्र्याआडून विचारतात, मावशी, परीक्षा पास का आज? एक ठोका त्यांचा, दणकट. दुसरा आईचा, पुचाट. पण आज दोन्ही दणकट, एकाच हाताचे. म्हटलं, आईला बोलायला सांगा. म्हणाले, झोपलीय. मग हळूच म्हणाले, "मावशी, सांगू नका. प्रेतं नेणारे गाडीवाले तिला कुठं नेऊन टाकतील ते मला कळणारसुद्धा नाही."
मी सांगितलं. मेलेल्या माणसाचा डबा जिवंत माणसानं खायचा हे मला पटत नाही. सेक्रेटरी म्हणाला, गाडीवाले सवडीनं येतील, तोवर डबा एकच.

१६ मार्च
एकच डबा देऊनही मास्तर दोन वाजवतात. हटवादी. सेक्रेटरी म्हणाला, डबाच बंद करू, येतील ताळ्यावर. मीही हो म्हटलं.

२१ मार्च
गाडीवाले आले. पत्रा उचकटला, दोघांना नेलं. एक जण म्हणाला, मास्तरांना जाऊन तीन-चार दिवस झालेत. कसं होईल? काल मी दोन ऐकले. परवाही. चांगले खणखणीत. आता कान गेले म्हणायचे.
रिकाम्या घराला पुन्हा पत्रा मारला. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. वरून दोन ठोके आले.
पोरीला बोलले नाही. तिचे दिवस भरत आलेत.

२४ मार्च
लेकीला ताप. सेक्रेटरीनं स्वतः पत्रा ठोकला, माझ्याकडं बघितलं नाही. असू दे. पोरगी बरी होणार. माझी पोर आहे.

२५ मार्च
झाकण वाजवलं. दोन. बाहेरून सेक्रेटरी म्हणाला, "चार ठोके वाजले, मावशी. लबाडी पकडणाऱ्या तुम्ही, आणि तुम्हीच?"
डबा दिला नाही.

२६ मार्च
आज एकेक ठोका मोठ्यानं मोजून वाजवला. तरी बाहेर चारच. सेक्रेटरीला मास्तरांच्या रिकाम्या घरातल्या ठोक्यांचं सगळं सांगितलं. हसला. म्हणाला, ताळ्यावर या, मग बघू.
दवाखान्यात फोन लावला. नुसती टेप. खिडकीतून हाका मारल्या. समोरच्यांनी खिडकी लावून घेतली.
घरातलं शेवटचं काय ते पोरीला भरवलं. ओकली.

२७ मार्च
ताप उतरत नाही. पोट कडक झालंय. म्हणाली, आई, वर कोण आहे गं?
कुणी नाही म्हटलं.
म्हणाली, ते मला नाव घेऊन विचारतायत, तू केव्हा वाजवणार.

२८ मार्च
कळा आल्या. पत्र्यावर मुठी आपटल्या. बाहेर सेक्रेटरी मोजत होता— सहा, सात— मी ओरडतेय, पोरगी अडलीय, उघडा, आणि हा मोजतोय—
म्हणाला, आता तर हद्द झाली.

२९ मार्च
पहाटे गेली. मूल अडूनच राहिलं.
सांगणार नाही कुणाला. गाडीवाले नेतील. कुठं नेतील ते मला—
तिचं अंग पुसलं. चादर घातली. दार ओढून घेतलं.

संध्याकाळ. मी वाजवलं नाही. झाकण मांडीवर, त्यावर दोन्ही हात. डोळ्यांनी बघतेय.
वर दोन ठोके वाजले.
मग तिच्या खोलीत. एक.
बाहेर सेक्रेटरी तीन म्हणाला.
थांब. आत अजून एक. अगदी बारीक, जसं इवल्या बोटानं—