आधी रेंडर, मग रंग

१५ जून, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंदी हव्यात.
यंदा गणपतीची पाळी आमची. आम्हा दोघा भावांत वर्षाआड बसतो. एक वर्ष दादाकडे डोंबिवलीला, एक वर्ष आमच्याकडे रत्नागिरीत. मागच्या पाळीला वहिनींनी हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं होतं, ओलीचा वास येतो का हो? माझ्या बायकोने, मनस्वीने, ते वाक्य दोन वर्षं जपून ठेवलंय. म्हणून तिची एकच अट आहे, वहिनी यायच्या आत पश्चिमेच्या भिंतीची ओल जाऊन हॉलला रंग लागला पाहिजे.
संदेश रंगारी येऊन भिंत बघून गेला. खरवडायची, ओलीवर औषध मारायचं, मग रंग. श्रावणात जरा उघडीप मिळाली की येतो, रंग तेवढा ठरवून ठेवा म्हणाला. मनस्वी म्हणाली, मोतिया. मी म्हटलं, थांब. अंदाजाने रंग लावायचे दिवस गेले. हल्ली कॉम्प्युटरवर खोलीचं हुबेहूब फोटोसारखं चित्र करतात, त्याला रेंडर म्हणतात. सॉफ्टवेअर फुकट आहे. संकल्प: आधी रेंडर, मग रंग.

१६ जून
सॉफ्टवेअर उघडलं. स्क्रीनवर एक करडा ठोकळा आपोआप येतो. तो हलवला. परत जागेवर आणला. सुरुवात आश्वासक.

२२ जून, रविवार. दुपारी ४
हॉल तयार! भिंती मोतिया, सोफा निळा, फरशी आरशासारखी.
मनस्वीला दाखवला. तिने विचारलं, सोफा हवेत का आहे? मी म्हटलं, तांत्रिक बाब आहे. मग म्हणाली, पंखा हेलिकॉप्टरचा वाटतो, आणि दारातून अंबारीसकट हत्ती आत येईल. फूट आणि मीटर यांत किरकोळ गल्लत झाली असावी. नवशिक्या नजरेला अशाच गोष्टी आधी दिसतात.
चित्र इंटरनेटवरच्या फोरमवर टाकलं. जगभरचे रेंडरवाले तिथे असतात. आता कौतुक येईल.

२३ जून
कौतुक आलं नाही. फिनलंडच्या एका माणसाने लिहिलंय की सगळं प्लास्टिकचं वाटतं. कडा सुरीसारख्या, कुठे धूळ नाही, डाग नाही, या खोलीत कोणी राहत असेल असं वाटत नाही.
फिनलंडमध्ये सहा महिने अंधार असतो. त्याला उजेडातलं काय कळणार?

२५ जून
सोफा जमिनीवर टेकवला. सगळ्या कडा किंचित गोल केल्या. फिनलंडवाल्याचा काही संबंध नाही, माझ्या मनात आधीपासून होतं.

६ जुलै, रविवार
दाणे. चित्रभर दाणे, रवा सांडल्यासारखे. घालवायचे तर लॅपटॉपला जास्त वेळ गणित करू द्यावं लागतं. सकाळी लावून ठेवलं. दुपारी लाईट गेली. परत लावलं. परत गेली.
पण एक चांगलं झालं. लॅपटॉपच्या कडेने गरम हवा येते, तिथे मनस्वीने मोजे वाळत घातले. या पावसात घरात दुसरं काहीच वाळत नाहीये. प्रथमच म्हणाली, असू दे चालू. हळूहळू तिलाही कला समजायला लागली आहे.

१४ जुलै
ऑफिसात सगळ्यांना चित्र दाखवलं. साहेब म्हणाले, हे कुठल्या दवाखान्याचं वेटिंग आहे? म्हणजे खरं वाटलं! दवाखाना का असेना. जागा खरी वाटली हे महत्त्वाचं.
पुढची योजना: नोकरीबरोबर छोटा स्टुडिओ. गणपतीपुळ्याला एवढे रिसॉर्ट होतायत, कोणाला तरी रेंडर लागणारच. व्हिजिटिंग कार्डावर गणपतीपुळ्याचा समुद्र घालावा का?

२७ जुलै, रविवार
श्रावण लागला. संदेशचा फोन. नागपंचमी झाली की येऊ काय? रंग कुठला? मी म्हटलं, रंगाचं जवळपास ठरलंय, पडद्याची वीण राहिली आहे. तो म्हणाला, पडदा तुम्हीच धुवा, मी भिंत रंगवतो. त्याला म्हटलं, नारळी पौर्णिमेनंतर बघू. फोन ठेवताना तो म्हणाला, "बघा हां दर्शनभाऊ. सगल्यांचे गणपती एकाच दिवशी येतात."
काहीही बोलतो. तारीख मलाही माहीत आहे.

३ ऑगस्ट, रविवार
फिनलंडवाला पुन्हा. (त्याला दुसरं काम नाही.) म्हणतो, खऱ्या खोलीकडे नीट बघ, तिचे दोष चित्रात आण.
बघितलं. आपला हॉल म्हणजे खजिना आहे. स्विचबोर्डाभोवती बोटांचे काळे डाग. केबलची वायर, मध्येच चिकटपट्टी. तिरकं कॅलेंडर. जुन्या खिळ्यांची भोकं. सगळं घेतलं. चित्र एकदम श्वास घ्यायला लागलं.
अजून काहीतरी कमी आहे.

९ ऑगस्ट
सापडलं. ओल!
सकाळपासून पश्चिमेच्या भिंतीसमोर टेप घेऊन उभा होतो. लांबी, रुंदी, पोपडे कुठे सुटलेत, हिरवट कुठे, काळपट कुठे. जवळून फोटो, लांबून फोटो. मनस्वी स्वयंपाकघरातून बघत होती. तिला वाटलं, रंगाचं काम मनावर घेतलं. ती इतकी खूश झाली की तिने घावणे केले, बरोबर नारळाचा गोड रस. वाढताना म्हणाली, वहिनींना कळू दे आता. घावणे गरम होते. अशा वेळी गैरसमज दूर करणं बरं दिसलं नसतं.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी
झालं. पूर्ण झालं. हे मी केलंय यावर माझाच विश्वास बसत नाही. ओलीकडे बघितलं की वास येतो.
फोरमवर टाकलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
फोरमवाल्यांनी माझं चित्र काढून टाकलं. कारण लिहिलंय, इथे फक्त रेंडर टाकावीत, फोटो टाकू नयेत! फिनलंडवाल्याने खाली दुजोरा दिलाय.
एवढा मोठा सन्मान रत्नागिरीत आजवर कोणाला मिळाला नसेल. धावत जाऊन मनस्वीला चित्र दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्याचा फोटो कशाला काढलात? भिंत समोरच आहे की."
मी सांगितलं, हा फोटो नाही, हेच ते रेंडर. तिने एकदा चित्राकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. मग हळू आवाजात विचारलं, रंग कुठे आहे?
मीही चित्रात शोधला. मोतिया रंग मी कधी झाकला ते आठवेना. आधी डाग, मग पोपडे, मग ओल. होता होता आपलाच हॉल झाला.
मनस्वी चिडली असती तर बरं झालं असतं. ती कपड्यांच्या घड्या घालायला बसली. मला फार वाईट वाटलं.

१८ ऑगस्ट
संदेशला फोन. तो कुवारबावला कोणाच्या तरी शिडीवर होता. म्हणाला, "आता नाय हो जमायचं. तेव्हा काय सांगितलं होतं मी?"
आणखी रंगाऱ्यांना विचारलं. रत्नागिरीतला प्रत्येक ब्रश कोणत्या ना कोणत्या भिंतीवर आहे.
सुचवलं, मी स्वतः रंगवतो. मनस्वी म्हणाली, ओल्या भिंतीवर रंग चढवलात तर आरतीच्या वेळी पोपडे प्रसादात पडतील. मुद्दा रास्त होता.

२४ ऑगस्ट, रविवार
मनस्वी लॅपटॉपमधून काहीतरी पेनड्राइव्हवर घेऊन बाजारात गेली. येताना भलीमोठी गुंडाळी. फ्लेक्स! उलगडला तर माझं पहिलं रेंडर, जूनमधलं. मोतिया भिंती, आरशासारखी फरशी, हवेतला सोफा. ओलीवर बरोबर बसतो.
मी म्हटलं, लावायचंच तर चांगलं लाव, ऑगस्टमधलं. ती म्हणाली, ते भिंतीवर आहेच.
मी फ्लेक्सचं दुसरं टोक धरलं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
दादा, वहिनी काल रात्री आले. गणपती बसला. मागे फ्लेक्स, वर पानाफळांची मंडपी, बाजूला दिव्यांच्या माळा. मूर्ती फार गोड आहे. मनस्वीने नथ घातली होती, सारखी वहिनींच्या नाकाकडे बघत होती. वहिनींनी वासाबद्दल काही विचारलं नाही. धूप दुप्पट लावला होता.
आरतीनंतर वहिनी फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सोफा जरा खाली टेकवा हो. दादा म्हणाला, असू दे, देवाच्या मागे आहे म्हणून तरंगतोय. सगळे हसले. मनस्वीसुद्धा. त्या सतरा तारखेनंतर ती आज पहिल्यांदा हसली. मला बरं वाटलं.

३१ ऑगस्ट, रविवार
गौरी आल्या. संध्याकाळी शेजारच्या बायका जमल्या, गरम होतंय म्हणून कोणीतरी पंखा पाचवर केला. फ्लेक्सची एक बाजू सुटली आणि लोंबायला लागली. मागे पश्चिमेची भिंत, डाग, पोपडे, सगळा नकाशा.
मनस्वीने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही.
वहिनी पुढे झाल्या. भिंत जवळून बघितली. पोपड्याला बोट लावलं. मग वळून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "भावोजी, त्या पुढच्यापेक्षा हे मागचं चित्र जास्त खरं वाटतंय."
बायका इतक्या हसल्या की कोणाचा तरी चहा सांडला. वहिनींनी स्वतःच स्टुलावर चढून फ्लेक्स परत बांधला. वर मनस्वीला म्हणाल्या की डोंबिवलीतल्या त्यांच्या बेडरूमला याच्या दुप्पट ओल आहे, कपाट सरकवून झाकली आहे. रात्री दोघी जावा स्वयंपाकघरात बसून कितीतरी वेळ बोलत होत्या. माझं नाव अधूनमधून ऐकू येत होतं.
मला मात्र पटलं, वहिनींना रेंडरिंगमधलं कळतं.

४ सप्टेंबर
परवा गणपती, गौरी गेले. काल दादा, वहिनी गेले. घर सुनं सुनं वाटतंय.
संदेश म्हणतो दिवाळीआधी येतो, तोवर भिंत खरवडून वाळत ठेवा. मी ऑफिसातून आल्याबरोबर मनस्वीने माझ्या हातात खरवडायचा पत्रा दिला. लॅपटॉप कपाटात, किल्ली तिच्याकडे. मोजे बाहेर वाळतायत, ऊन पडलंय.
खरवडायला घेतलं. पोपड्याखाली जुना पोपटी रंग निघतो, त्याखाली निळा, त्याखाली चुना. कडा कुठेच सुरीसारख्या नाहीत. फिनलंडवाल्याने बघितलं असतं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.
फोटो काढणार होतो. पण मनस्वी मागेच उभी आहे.