अर्ध्या रस्त्यातून परत

सोमवार, ३ नोव्हेंबर

नंबर टिकला! रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या प्रत्येकाला माझा प्रोग्रॅम नंबर देतो; दिव्याच्या खांबामागे गेलेला माणूस सतरा नंबर होता, आणि पलीकडून बाहेर आला तेव्हाही सतराच! कालपर्यंत खांबामागून तो नवा नंबर घेऊन निघायचा — जणू एक गेला नि दुसराच आला. आता माणूस दिसेनासा झाला तरी माझा प्रोग्रॅम त्याच्या चालीवरून अंदाज बांधतो, हा आता कुठे उगवेल, आणि तिथे चौकट धरून वाट बघतो. हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलेलं नाही. आधी टीव्ही दुरुस्त केले, मग पुस्तकं आणून, चुकून, पुन्हा करून शिकलो.

साहेबांना दाखवलं. वयाने माझ्याहून बरेच लहान. म्हणाले, "छान. चौदा तारखेला आकडा द्या." आकडा म्हणजे बागेसमोरचा रस्ता ओलांडायला माणसांना किती वेळ लागतो तो. त्यावरून तिथल्या सिग्नलचा पायी जाणाऱ्यांसाठीचा हिरवा किती वेळ ठेवायचा हे ठरणार. साहेबांना तो कमी करायचाय. गाड्या तुंबतात.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

जेवताना तेच डोक्यात. बोलून बसलो — बागेसमोरच्या कॅमेऱ्यात सगळे तरणेताठे येतात, टणाटण चालणारे. म्हातारी, हळू जाणारी, मधेच थबकणारी माणसं मिळतच नाहीत. प्रोग्रॅमची खरी परीक्षा त्यांच्यावरच!

ही म्हणाली, "मग मी येऊ का चालायला?"

"अजिबात नको! सांगून चालणारा नाटकी चालतो. मला नकळत चालणारी माणसं हवीत."

"नकळत तर मी या घरात इतकी वर्षं चालतेच आहे."

बाबांना हसता हसता ठसका लागला. मी काही हसलो नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आकडा तयार. हिरवा चार सेकंदांनी कमी करता येईल! "स्वच्छ काम," मी म्हणालो; साहेब खूश. मला मात्र दिवसभर चैन नाही; हळू चालणारं एकही माणूस मोजणीत आलेलं नाही. खुर्चीत बसवत नाही, उठलो तर काय करू कळत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

शेजारच्या टेबलावरची इंजिनिअर — मी मनातल्या मनात हिला चष्मेवाली म्हणतो — माझ्या पडद्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "काका, तुमच्या रस्त्यावर सगळेच पोचतात कसे?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीच अर्ध्यातून मागे फिरत नाही?"

समजावून सांगितलं. एखाद्या माणसाचा माग मधेच तुटला तर ती प्रोग्रॅमची चूक. सावली, झाडाची फांदी, एकमेकांत मिसळलेली दोन माणसं. असले अर्धवट माग मी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो, मोजणीत धरत नाही. स्वच्छ काम.

"बघितलेत का ते उघडून?"

पदवी असली की प्रश्न विचारायचा परवानाच मिळतो! डबासुद्धा नीट खाल्ला नाही. उद्या उघडून तिच्यासमोर ठेवतो — बघ म्हणावं, सावल्या!

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सावल्या नाहीत.

फोल्डरचं नाव मी 'कचरा' ठेवलं होतं. पहिल्याच तुकड्यात बाबागाडी ढकलणारी बाई. मध्यापर्यंत जाते, दिवा लुकलुकायला लागतो, गाडी वळवून मागे. मग कुबड्या घेतलेला माणूस. एक पाऊल, दुसरं, पलीकडे नजर, परत. दोन्ही हातांत जड पिशव्यांवाली आजी. एकामागून एक! ज्यांना वेळ पुरला नाही त्यांनाच मी बाहेर काढलं, आणि उरलेल्यांवरून ठरवलं की वेळ जास्त होतो!

आणि मग एक जण. कॅमेरा उंचावर, माणूस अंगठ्याएवढा, चेहरा दिसायचा प्रश्नच नाही. पण डावा हात पाठीमागे, मूठ मिटलेली. अशी चाल जगात एकाच माणसाची.

बाबा.

अर्ध्यात थांबतात. इकडे बघतात, तिकडे बघतात. मागे फिरतात. औषधाच्या दुकानापुढच्या बाकावर बसतात. परत उठतात, परत अर्ध्यातून मागे. बुधवारपासून रोज. आणि घरी येऊन सांगतात, "बागेत जाऊन आलो."

चष्मेवाली मागे उभी होती. "कुणी ओळखीचं आहे का काका?" म्हटलं, नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

येताना काठी आणली. चांगली, खाली रबर असलेली. न बोलता दाराशी टेकवून ठेवली.

बाबांनी उचलून उलटसुलट पाहिली. "तुझे गुडघे दुखतात का रे?"

मी विचारलं, "काय म्हणते बाग?"

"बाग काय म्हणणार? आहे तिथेच आहे."

डोळ्याला डोळा दिला नाही. मला इतका राग आला — कुणाचा, ते सांगता येत नाही. नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. ही म्हणाली, "अहो, एक तर बसा, नाहीतर फरशी तरी पुसा."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सगळे अर्धवट माग पुन्हा चालवले. मागे फिरलेला प्रत्येक जण ज्या वेगाने मध्यापर्यंत गेला, त्या वेगाने पूर्ण रस्ता केला असता तर किती लागलं असतं? हिरवा कमी करायचा नाही. वाढवायचा.

साहेबांसमोर जाऊन सांगितलं, माझा आकडा चुकला.

"अहो, उद्या सही आहे! तुम्हीच म्हणालात ना, स्वच्छ काम?"

"फार स्वच्छ झालं, साहेब. माणसंही पुसली गेली."

चष्मेवाली बाबागाडीचा तुकडा घेऊन आली. साहेबांनी तो दोनदा पाहिला. मग म्हणाले, "नवा आकडा लिहून द्या. आणि यापुढे हिला दाखवून मगच माझ्याकडे."

मान हलवली. लागलं, पण हलवली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सही झाली. उद्यापासून हिरवा सहा सेकंद जास्त.

रविवार, १६ नोव्हेंबर

बाबांना घेऊन सिग्नलवर गेलो. हिरवा लागला तसं त्यांचं कोपर धरलं. त्यांनी ते झटकलं आणि चालू लागले — माझ्यापुढे! मी पलीकडे पोचलो तेव्हा ते आधीच कठड्याला टेकून उभे. दिवा अजून हिरवाच होता.

"मग रोज अर्ध्यातून परत का फिरत होता तुम्ही?"

त्यांनी वर खांबाकडे, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दिसलो का तुला? थबकणारा म्हातारा मिळत नाही म्हणालास ना. आणि सांगून चालायचं नाही, हेही तूच म्हणालास." मग माझ्याकडे वळून, "उपयोग झाला का रे?"

झाला, म्हटलं. कुठल्या फोल्डरमध्ये सापडले ते सांगितलं नाही.

उद्या त्यांचे माग मोजणीतून काढावे लागतील. ठरवून चाललेली चाल धरता येत नाही. बाकीच्यांवरही सहा सेकंद टिकतात, मनात हिशेब करून पाहिला. बाबांचे वेगळे ठेवीन. कचऱ्यात नाही.