माझ्या गाण्यांची आणि पियानोची निरवानिरव

मी, खाली सही करणार आर्झेला पेटीवे, रॉस्को पेटीवे यांची विधवा, वय बहात्तर, धंदा देवाची गाणी रचणे, राहणार शिकागो, दक्षिण भाग, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. आमच्या गायनवृंदातल्या खालच्या सुराच्या बायकांचे मत वेगळे असू शकते. ते विचारात घेऊ नये. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतली दोन मी रागाच्या भरात केली होती.

१. राहते घर वेलमोरा टिब्स हिला द्यावे. ती अलाबामाहून कपड्यांच्या एका पेटीनिशी माझ्याकडे भाड्याने राहायला आली आणि आज वृंद तीच चालवते. अट एवढीच की माडीवरची खोली दक्षिणेतल्या राज्यांतून गाण्यासाठी येणाऱ्या मुलींना मोकळी ठेवावी. या शहरात अनोळखी मुलीला खोली मिळवताना काय ऐकून घ्यावे लागते, हे मी भोगले आहे.

२. माझा नवरा रॉस्को आगगाडीच्या शयनडब्यात नोकर होता. माझी गाणी कोणी छापीना, तेव्हा आम्ही ती स्वतः छापली, आणि रॉस्कोने चादरींच्या गठ्ठ्याखाली लपवून ती थेट मिसिसिपीपर्यंत नेली. प्रत्येक स्टेशनावर चर्चची एखादी बाई उभी असे. गाडी हलायच्या आत गाणी तिच्या हाती पडत. लोक मला नव्या गाण्याची आई म्हणतात, पण दक्षिणेतले आपले गाव सोडून न गेलेल्या माणसांपर्यंत ते पोचवले रॉस्कोने. त्याचा गणवेशाचा कोट आणि टोपी मासळीच्या जुन्या दुकानात भरणाऱ्या आमच्या चर्चमध्ये काचेत लावावी, आणि खाली त्याचे पूर्ण नाव लिहावे. गाडीत त्याला नावाने कोणीच हाक मारली नाही.

३. माझा भाचा थर्लो याला माझ्या सर्व ध्वनिमुद्रिका द्याव्यात. गाण्यांचे हक्क मात्र देऊ नयेत. गेल्या ईस्टरला तो मला म्हणाला, “मावशी, त्यातलं ते पाप आणि रक्त तेवढं काढ, साबणाच्या जाहिरातीला लगेच घेतील.” मुलगा वाईट नाही. त्याने ती गाणी कधी ऐकलेली नाहीत, इतकेच. आता ऐकावीत.

४. पियानो. याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो मी माउंट होरेब चर्चला देत आहे, आणि हे वाचून वृंदातल्या जुन्या बायका माझ्यावर चिडतील.

त्या चर्चमध्ये मी पियानो वाजवत असे. त्याआधी जॉर्जियात गुत्त्यांमधून ब्लूजची ऐहिक गाणी वाजवली होती. ते मी कधी लपवले नाही. एका रविवारी मी स्वतःचे गाणे वाजवले, ‘अजून थोडी वाट’. शब्द प्रार्थनेचे, ताल माझ्या बोटांत मुरलेला. दुसऱ्या कडव्याला बायकांचे पाय वाजू लागले. रेव्हरंड लुशियस हारग्रोव्ह व्यासपीठावरून उतरले आणि त्यांनी पियानोचे झाकण लावले. मी बोटे वेळेवर काढली.

“सिस्टर पेटीवे,” ते म्हणाले, “हे देवाचं घर आहे. गुत्त्यातला ताल गुत्त्यातच राहू द्या.”

“रेव्हरंड, ताल मी धरला, पण पाय तुमच्याच लोकांचे हलले,” मी म्हणाले.

त्याच आठवड्यात माझे काम गेले. लॉन्ड्रीत राबणाऱ्या काही बायका ते चर्च सोडून माझ्यामागून निघाल्या. मासळीचे एक बंद दुकान आम्ही भाड्याने घेतले. वास कधीच गेला नाही, पण वृंद उभा राहिला, आणि पुढे ज्या चर्चनी आम्हाला दार लावले होते त्यांनीच गाणी मागायला माणसे पाठवली. माउंट होरेबने पाठवली नाहीत. रेव्हरंड दर रविवारी माझ्या नावाने बोटे मोडत राहिले.

मग त्यांना झटका आला आणि वाचा गेली. पुढच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी कॉर्नेलिया आमच्या दारात येऊन उभी राहिली. ती म्हणाली, “पपांच्या तोंडून पाणी एवढा शब्दसुद्धा निघत नाही. पण काल भांडी घासताना मी तुमचं ‘अजून थोडी वाट’ गुणगुणत होते, तर खोलीतून ते म्हणायला लागले. शब्दांसकट. रविवारी तुमच्या दुकानाच्या खिडकीखालून जाताना कधी ऐकलं असेल, देव जाणे. येता का?”

मला जायचे नव्हते. वेलमोराने माझा कोट आणून माझ्या मांडीवर ठेवला.

रेव्हरंड भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी खाटेच्या लोखंडी दांडीवर ताल धरला आणि तेच गाणे सुरू केले. ते वळले, आणि अख्खे कडवे म्हणाले. थांबल्यावर काही बोलायला गेले, तर नुसता घोगरा आवाज निघाला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा मला सुचले. ‘पाणी दे’ या दोन शब्दांना मी चाल लावली आणि घटका-दोन घटका त्यांच्याबरोबर म्हणत बसले. मी उठले तेव्हा त्यांनी गाऊन पाणी मागितले. कॉर्नेलियाच्या हातून पेल्यातले पाणी सांडले.

त्यानंतर मी दर गुरुवारी जात राहिले. ‘खिडकी उघड’, ‘थंडी वाजते’, ‘मुली, जेवलीस का’, अशा एकेका ओळीच्या चाली बांधत गेले. इतके कठीण काम मी वृंदासाठीही केलेले नाही. एका गुरुवारी मी आत शिरले तर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी कधी न शिकवलेल्या चालीत, मोडक्या आवाजात, स्वतःच रचलेली ओळ म्हटली:

“सिस्टर, झाकण उघडा.”

मी खाटेशी बसले. दांडीवर ताल धरून त्यांची ओळ त्यांच्याबरोबर म्हटली.

म्हणून पियानो माउंट होरेबला. त्याच्या कडेवर सिगारेटचे डाग आहेत, तो गुत्त्यातूनच विकत घेतलेला आहे. डाग घासून काढू नयेत.

५. त्या एकेका ओळीच्या चाली कॉर्नेलिया हारग्रोव्ह हिच्या मालकीच्या. ती आता रुग्णालयात वाचा गेलेल्यांना त्या शिकवते. त्यांवर माझ्या वारसांपैकी कोणीही हक्क सांगू नये.

६. बाकीची गाणी वृंदाची. चर्च, तुरुंग, स्वयंपाकघर आणि आजाऱ्याची खोली, इथे ती कोणीही परवानगीवाचून गावीत. मी लिहिले तसेच गावे असा आग्रह नाही. ताल मात्र सोडू नये.

७. अंत्यविधी मासळीच्या दुकानातच व्हावा. भाषणे दोनच. जेवायला तळलेला मासा, घेवडा आणि मक्याची भाकरी, सर्वांना पुरेशी. शवपेटी बाहेर नेताना गाणे मध्येच थांबवू नये. वृंदातल्या कोणी माझ्याकडे वळून पाहू नये. वेलमोराच्या हाताकडे पाहावे. पुढची ओळ केव्हा उचलायची ते तिथे कळेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे, म्हणून साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: आर्झेला पेटीवे

आमच्यादेखत बाईंनी सही केली. सही करताना त्या पायाने ताल धरत होत्या, पण पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार:
हायरम स्टॉलवर्थ, न्हावी, शेजारी
ऑर्थिया मिम्स, लॉन्ड्रीतून निवृत्त

शिकागो, १४ ऑक्टोबर १९७१