सगळी पॅकेटं एकसारखी

शुक्रवार, ६ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू ठणठणीत असशील असं धरून चालते. इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही.

आधी झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे मधेच भलतीकडे वळायला नको.

१. तू लिहिलेला प्रोग्रॅम साहेबांनी दुरुस्त केला. तो बिघडलेला नव्हता.

२. दुरुस्तीनंतर तो जास्त वेगाने पळू लागला. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

३. बाटल्या भरण्याच्या कारखान्याकडून नेहमीसारख्या फायली आल्या. प्रोग्रॅमने सगळा दोष लेबल चिकटवणाऱ्या यंत्राला दिला.

४. कारखान्याने ते यंत्र खोललं. आत काहीही सापडलं नाही. परत जोडताना थोडे स्क्रू उरले.

५. चूक मी शोधली.

६. साहेब माझ्याशी बोलेनासे झाले. मग एके दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "थोरलीला लिही." ऑफिसात तू अजून थोरलीच.

म्हणून लिहिते आहे. साहेबांना तू परत हवी आहेस, तुझ्या जुन्या जागी, पण आता सगळ्या कामाची प्रमुख म्हणून. तू येणार की नाही, एवढाच प्रश्न आहे. पत्र ऑफिसचं आहे. निदान इथपर्यंतचं तरी.

फोन का केला नाही असं तुला वाटेल. फोन केला असता तर तू "हो हो, बघते" म्हणाली असतीस, मी "बरं" म्हणाले असते, आणि दोघींनी ठेवून दिला असता. आपले फोन असेच होतात.

साहेबांनी नेमकं काय केलं ते तुला एका ओळीत कळेल: मेमकॉपीची ओळ काढून टाकली. पण आईला ते समजवायला मला एक अख्खी दुपार लागली, आणि त्या दुपारचा तुला हिशेब द्यायलाच हवा.

आईला म्हटलं, कारखान्यातली यंत्रं तारेवरून एकमेकांशी बोलतात. ते बोलणं लहान लहान पॅकेटांत जातं, आणि ती पॅकेटं कारखानावाले एका फाइलीत जशीच्या तशी जपून ठेवतात. काम अडलं की ती फाइल आमच्याकडे येते. वहिनीचा प्रोग्रॅम ती पहिल्यापासून वाचतो आणि सांगतो, आधी कोण गप्प झालं.

आई म्हणाली, म्हणजे तुम्ही चोरून ऐकता. मी म्हटलं, चोरून नाही, मागाहून. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे गेले.

फाइल वाचून देणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम, ही एकच ताट असलेली खानावळ, असं तिला सांगितलं. पॅकेट मागितलं की ताटात वाढून मिळतं. पुढचं मागितलं की ताट पुसून त्याच ताटात पुढचं. म्हणून वहिनी प्रत्येक पॅकेट आधी आपल्या डब्यात काढून घ्यायची आणि मगच पुढचं मागायची. साहेबांना हा डबे भरण्याचा खटाटोप फुकटचा वाटला. त्यांनी डबे काढून टाकले आणि प्रत्येक डब्याच्या जागी एक चिठ्ठी ठेवली: 'ताटात बघा.' फाइल वाचून संपली तेव्हा सगळ्या चिठ्ठ्या त्या एकाच ताटाकडे बोट दाखवत होत्या, आणि ताटात होतं शेवटचं पॅकेट.

आईने बराच विचार केला. मग म्हणाली, "तुझ्या साहेबांनी आयुष्यात कधी चार माणसांना वाढलेलं दिसत नाही."

मला वाटतं यापेक्षा नेमका अभिप्राय कोणी देणार नाही.

आता लेबलच्या यंत्राचं दुर्दैव असं, की ते सगळ्यांत बडबडं. काम असो नसो, 'मी आहे, मी आहे' असं सारखं ओरडत असतं. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फाइलीत शेवटचा शब्द त्याचाच. अहवालात मग फक्त तेच दिसायला लागलं: तेच गप्प झालं, त्यानेच अडवलं, त्यानेच परत सुरू केलं. साहेब म्हणाले, बघा, किती स्वच्छ निकाल. निकाल स्वच्छ होताच. आरोपी एकच होता.

ते यंत्र चालवणाऱ्या बाईंना कारखान्यात सगळे मावशी म्हणतात. त्यांनी आमचा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. मी फोन उचलला आणि त्यांनी सुरुवातच केली, की माझ्या यंत्राने तुमचं काय घोडं मारलंय? यंत्राचे भाग जमिनीवर वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते आणि मावशींना दुसरीकडे झाकणं मोजायला बसवलं होतं. झाकणांविषयी त्यांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना म्हटलं की पुन्हा तपासते. त्या म्हणाल्या, तपासा तपासा, घाई नाही, मला आता झाकणंच मोजायची आहेत.

मी सगळी पॅकेटं एकाखाली एक छापली. वेळ प्रत्येक ओळीत पुढे सरकत होती, अगदी बरोबर. मजकूर मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तोच. आत्याच्या फोनसारखं. मग तुझा जुना प्रोग्रॅम काढला, दोन्ही शेजारी ठेवले, आणि गाळलेली ओळ दिसली.

साहेबांना दाखवायला गेले. त्यांनी आधी चष्मा काढला, मग लावला, मग म्हणाले की मी सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचो तेव्हा तू पाळण्यात होतीस. मी म्हटलं, मग मधे बराच काळ गेला असणार. हे मी मोठ्याने म्हटलं, वहिनी. एरवी असं मोठ्याने बोलायचं काम तुझं आणि शेजारी बसून गंभीर चेहरा ठेवायचं काम माझं. आता दोन्ही खाती माझ्याकडे आली आहेत आणि पहिलं मला नीट जमत नाही. साहेबांचे कान लाल झाले. तुझ्या बोलण्यावर ते हसायचे.

ओळ परत घातली, फाइल पुन्हा चालवली. खरा गप्प होणारा निघाला वजनकाटा. त्याची तार मॅनेजरच्या केबिनच्या दाराखालून गेली होती. दार उघडलं की तार चेपायची, काटा गप्प व्हायचा, काट्याची वाट बघत बाकीची यंत्रं थांबायची. यंत्रं का थांबली म्हणून ओरडायला मॅनेजर दार उघडून बाहेर यायचे. ओरडून झालं की आत जाऊन दार लावायचे आणि सगळं सुरळीत व्हायचं. आपल्या ओरडण्यानेच कारखाना चालतो अशी त्यांची पक्की समजूत झाली होती.

हे त्यांना सांगायला मी आणि साहेब दोघे गेलो. साहेबांनी वाटेत मला तीनदा बजावलं की हसायचं नाही. तिथे पोचल्यावर मॅनेजर दार उघडून आमच्या स्वागताला आले आणि मागे सगळी यंत्रं थांबली. साहेबच आधी हसले. मावशींनी लेबलच्या यंत्रावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, उरलेले स्क्रू कोण देतंय ते आधी सांगा.

इथपर्यंतचं तुला आवडेल याची खात्री होती, म्हणून सविस्तर लिहिलं. पुढचं थोडक्यात लिहायचा विचार होता.

दादाबद्दल तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. त्याची बदली झाली. तो आता इथे नसतो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. प्रकृती चांगली आहे. स्वयंपाक शिकला आहे आणि त्याचे फोटो पाठवतो, आम्ही न मागता. त्याच्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. त्याने काही निरोप दिलेला नाही, मी मागितलेलाही नाही. तुला लिहिणार आहे एवढं मात्र त्याला सांगितलं. तो म्हणाला, "लिही की. तुमचं तुमचं आहे ते." मला ते ऐकून बरं वाटलं. का, ते खाली येईल.

सहावा मुद्दा मी वर अर्धाच लिहिला. साहेबांनी प्रमुखाची जागा आधी मला देऊ केली. मी म्हटलं, आधी तिला विचारा. ती नाही म्हणाली तर मी घेते. तेव्हा ते म्हणाले, मी काय तोंडाने विचारू, थोरलीला तूच लिही. तर तुझा गैरसमज नको. इथे कोणाचं अडलेलं नाही. ते काम मला जमेल. तुझ्याशिवायही जमेल. मी ते नीट तपासून लिहिते आहे.

मग तू कशाला, असं तू म्हणशील.

तुझा मेसेज येतो, "इथे बरं आहे." दर वेळी तेवढाच. तू मला फाइल वाचायला बसवलंस त्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतंस, की प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर दोन लांब्या लिहिलेल्या असतात: तारेवरून मुळात किती गेलं, आणि फाइलीत जपलं किती. जपलेलं कमी असलं की समजायचं, जागा वाचवायला पुढचं कापलं आहे. तुझ्या मेसेजवर फक्त जपलेली लांबी दिसते. मूळ किती होतं ते मला कळायला मार्ग नाही. तिथल्या मोठ्या कंपनीत तू दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमचे महिन्याचे अहवाल लिहितेस, एवढं मला तुझ्या एका मैत्रिणीकडून कळलं. स्वतः एक ओळही लिहीत नाहीस म्हणे. ते खरं असेल तर "बरं आहे" हे बरंच कापलेलं आहे.

माझ्याकडूनही कापलेलंच जातं. तू सामान घेऊन निघालीस तेव्हा मी दारात "काळजी घे" म्हणाले. मूळ लांबी बरीच जास्त होती. आता लिहिते.

मला कोणाची बाजू घ्यायची नव्हती आणि अजून नाही. तुमचं दोघांचं जमलं नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण घरात जे आलं ते दादाला समजवायला आलं. आत्याने आईची समजूत काढली. ऑफिसात सगळे साहेबांपाशी हळहळले, की हाताखालचं चांगलं माणूस गेलं. दादाची बायको गेली, आईची सून गेली, साहेबांची प्रोग्रॅमर गेली. माझं कोण गेलं हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काही सांगितलं नसतं, मला ओळखतेसच. पण तेव्हापासून मी जेवताना गप्प बसते, आणि प्रोग्रॅममधला कंस ओळीच्या शेवटी घालावा की खालच्या ओळीवर, यावर माझ्याशी भांडायला जगात कोणी उरलेलं नाही. तू खालच्या ओळीवर घालायचीस. चुकीचं आहे ते. तरी मी आता तसाच घालते.

म्हणून ही नोकरी तू माझ्यावर उपकार म्हणून घेऊ नकोस, साहेबांवर तर नाहीच. तुला प्रोग्रॅम लिहायचे असतील तर ये. नसतील तर येऊ नकोस, पण तरीही मला तू हवी आहेस. ऑफिसला हवी आहेस, ते वेगळं.

आईला विचारलं, तिला काय वाटतं. "वहिनी" लिहू का, हेही विचारलं, कारण कागदोपत्री तू आता माझी कोणी लागत नाहीस. आई म्हणाली, वहिनी नाही तर काय मॅडम लिहिणार? मग मान खाली घालून सुईत दोरा ओवत म्हणाली, "तिला सांग, तिच्या खोलीत मी शिलाई मशीन ठेवलंय. पण ते हलवता येतं." मी म्हटलं, ती आली तरी आपल्याकडे कशी राहील, काहीतरीच काय? ती म्हणाली, राहू दे कुठेही, मशीन हलवता येतं एवढं कळव. कळवलं.

व्यवहाराचं: बुधवारी, १८ तारखेला साहेब कारखान्याला प्रमुखाचं नाव देणार आहेत. तुझं असो वा माझं, एक नाव जाईल. तू यायचं ठरवलंस तर तिथलं आवरायला लागेल तेवढा वेळ द्यायला ते तयार आहेत, मी तोंडी नव्हे, लिहून घेतलं आहे. पगार वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवला आहे. पटला नाही तर भांड. ते तुझ्याशी भांडायला उत्सुक दिसतात.

हो असेल तर हो लिही, नाही असेल तर नाही लिही. नोकरीचं उत्तर एका शब्दात चालेल. बाकीचं उत्तर कापू नकोस, जेवढं असेल तेवढं पाठव. मंगळवार, १७ मार्चपर्यंत मला तुझं उत्तर मिळावं.

तुझी,
धाकटी