दाराचा फोटो

४ फेब्रुवारी

गेम पुढे ढकलला. दोन महिने! तिसऱ्या टप्प्यात, अंतराळस्थानकाच्या लिफ्टपाशी, शत्रू भिंतीत अडकतात आणि भिंतीतूनच गोळ्या झाडतात. खेळणारा मरतो, कुणी मारलं ते त्याला दिसतही नाही. असा माल बाजारात कसा काढायचा?

आणि हे जगाला सांगायचं मी. खेळाडूंशी बोलणं हेच माझं काम. नवरा म्हणतो, "तू म्हणजे दुकानाबाहेरची पाटी."

साहेब — स्टुडिओ त्यांचाच, सगळे त्यांना कप्तान म्हणतात — म्हणाले, "स्टुडिओच्या नावाने नको. तुझ्या नावाने लिही, फोटोपण टाक. समोर माणूस दिसला की लोक निवळतात."

टाकला.

५ फेब्रुवारी

निवळले नाहीत.

शिव्यांचं एवढं नाही. "चार वर्षं थांबलो आणि आता ही बया आम्हाला धीर धरा सांगणार!" — चालतं. मीही थांबले असते तर चिडले असते. पण एकाने नुसतं लिहिलंय, "तू राहतेस कुठे ते शोधायला कितीसा वेळ लागणार?" शिवी नाही, काही नाही. सरळ, स्वच्छ मराठी. तेवढंच पुन्हा पुन्हा वाचतेय.

९ फेब्रुवारी

कप्तानना दाखवलं. हसले. "भुंकणारी कुत्री गं. चावत नाहीत."

लिफ्ट अजून तशीच.

१३ फेब्रुवारी

आज बसस्टॉपपासून एक माणूस मागे मागे. टोपीवाला. मी वळले, तो वळला. मी औषधांच्या दुकानात शिरले — तोही! उगाचच कापूस घेतला. उरलेले पैसे घ्यायचेही विसरले. तो काउंटरवर खोकल्याचं औषध मागत होता. बिचाऱ्याला खरंच खोकला होता.

चिमणीच्या शाळेत सांगून आले — मी किंवा तिचे बाबा, तिसऱ्या कुणाच्याही हाती मुलगी द्यायची नाही. येताना तिला इमारतींच्या कडेकडेने आणलं. म्हणाली, "आई, आपण लपाछपी खेळतोय?"

"हो."

"मग राज्य कुणावर आहे?"

तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं आणि भराभर चालू लागले.

१८ फेब्रुवारी

नवऱ्याची हॉस्पिटलात रात्रपाळी लागली. त्याने न विचारताच आईला बोलावून घेतलं. एरवी मी फुरंगटले असते. आज सासूबाईंची बॅग दारात दिसली आणि रडूच आलं.

त्यांना सगळं सांगितलं. त्या बसमध्ये कंडक्टर होत्या. "शिव्या? अगं, भरल्या बसमध्ये सुट्टे पैसे मागत जन्म गेला माझा! मला काय शिव्या सांगतेस?"

मग तो मेसेज वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला. उठून दाराची कडी तपासून आल्या.

२५ फेब्रुवारी

आता संध्याकाळी एकटीने बस पकडवत नाही. कप्तानना कळलं. "वेडी आहेस का? मी सोडतो ना." रोज गाडीने सोडतायत. आज चहाला वर आले. चिमणीशी चक्क पत्ते खेळले आणि हरले. सासूबाईंचं मत — "माणूस सरळ आहे. बूट नीट जोडून ठेवले बाहेर."

३ मार्च

आमचं दार.

आमच्या दाराचा फोटो आलाय. नंबराची पाटी, चिमणीने चिकटवलेला तीन पायांचा घोडा, सगळं. खाली एकच शब्द — "सापडलं."

नवरा तसाच अनवाणी खाली धावला. गच्चीपर्यंत जाऊन आला. कुणी नाही. मग पायरीवर बसून राहिला. त्याला मी कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

घोडा काढून टाकला. चिमणी रडली.

४ मार्च

पोलीस. एक बाई होत्या. "गेम म्हणजे मोबाइलवरचा?" मी सांगत बसले — अंतराळ, रोबोट, बंदुका. "म्हणजे खोट्या गोळ्यांसाठी खऱ्या धमक्या," म्हणाल्या. पण ऐकून नीट घेतलं. खातं बनावट आहे, तरी फोटो कुठून पाठवला ते निघतं म्हणे. वेळ लागेल.

कप्तान म्हणतात, लपवायचं नाही. "कॅमेऱ्यासमोर बोल. लोकांना कळू दे."

"मला नको."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. सगळं जग बघत असलं की हात लावायची कुणाची छाती होत नाही."

बोलले. मध्येच रडू फुटलं. म्हटलं, तेवढं कापा. हो म्हणाले.

कापलं नाही.

८ मार्च

वारं फिरलं! बातम्यांत मी. परवापर्यंत शिव्या घालणारे माफी मागतायत. "ताई, तुमच्यासाठी दोन-दोन प्रती घेतो." आगाऊ नोंदणी एवढी वाढली की ऑफिसात टाळ्या वाजल्या. कप्तान खुर्चीवर उभे राहिले — "हिच्यामुळे!"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. एवढी माणसं माझ्या बाजूने आहेत, आणि त्यातल्याच कुणाला तरी माझं दार माहीत आहे.

२१ मार्च

पहिला मेसेजवाला सापडला. लांबच्या शहरातला कॉलेजातला पोरगा. पोलिसांपुढे ढसाढसा रडला म्हणे. कधी इकडे फिरकलेलाही नाही.

म्हणजे फोटोवाला दुसराच.

नवरा म्हणाला, "घर बदलू या." सासूबाई म्हणाल्या, "आणि मग? तेही शोधेल." दोघांचं पटतं मला. बॅगा भरल्या, पुन्हा रिकाम्या केल्या.

४ एप्रिल

आला! गेम बाहेर आला. लिफ्ट उघडते, शत्रू शहाण्यासारखे दारातून बाहेर येतात. सर्व्हर टिकला. लोक वेडे झालेत. कुणीतरी लिहिलंय, "त्या बोगद्यात मागे वळून बघायची हिंमत होत नाही."

मीही खेळायला बसले. तोच बोगदा. पाठीमागे पावलं वाजली. मला ठाऊक आहे तिथे कोण येतं, किती येतात, कुठून येतात. तरी हातातलं खाली ठेवलं आणि उठले.

कप्तानच्या डोळ्यांत पाणी आलं. घर गहाण होतं त्यांचं, आज पहिल्यांदा बोलले. आम्हा सगळ्यांना मिठ्या मारल्या. मला जरा जास्तच घट्ट.

७ एप्रिल

झोपले! सकाळ झाली तेव्हा चिमणी शाळेत गेलेली, आणि मी दचकलेही नाही.

९ एप्रिल

पोलीसबाईंचा फोन. दाराचा फोटो आमच्याच ऑफिसातून गेला होता. कप्तानच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून.

"नक्की?" मी तीनदा विचारलं.

"नक्की. आम्ही निघालोय तिकडे. तुम्ही घरीच थांबा. त्यांना सुगावा लागू देऊ नका."

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. सासूबाई दाराच्या भिंगातून बघतायत. चेहरा खुललाय.

"अगं, तुझे साहेब! केक आणलाय वाटतं. उघडते हं."