काचघरातली गावठी काकडी

नाशिक,
१० जानेवारी १९८८

प्रिय कमळा,

नानाचं पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. तुझी आई तर दिवाळीत पेठला तुला भेटून आल्यापासून हवेतच आहे.

मालकांनी मळ्यात काचघर बांधलंय, त्याचा मुकादम मीच. बाहेर थंडीनं दात वाजतात, आत गरम पाण्याचे नळ फिरवलेत, म्हणून मी नुसत्या बंडीवर घामाघूम. उन्हाळ्यात उलटं, पंखे ओल्या जाळ्यांतून गार हवा ओढतात. ढोबळी मिरची बारा महिने! लोक बघायला येतात, मीही जरा छाती फुगवून सांगतो.

तुला गावठी काकडीचे डोहाळे लागलेत, असं आई सांगत आली. मला नाही हं, भिंतीला. दोन वर्षं तुझं नाव घरात काढायचं नाही, असं मीच बजावलं होतं ना! ऐकलंच नाही असं दाखवलं, आणि मालकांना विचारून काचघराच्या कोपऱ्यात सहा वेल लावले. काय तरारले म्हणतेस! फुलं भरमसाट, पण काकडी एक धरेना. खत बदललं, पाणी बदललं, वेलांवर चिडलो. मग डोक्यात प्रकाश पडला. इतकं घट्ट बंद घर, मधमाशी येणार कुठून? मिरचीचं तिच्यावाचून भागतं, काकडीचं नाही. तीस वर्षं शेतीत घालवली आणि माशीच विसरलो! तेव्हापासून रोज सकाळी नरफूल तोडून मादीफुलाला हातानंच लावत बसलो.

एकदा तुझी आई भाकरी घेऊन आली, बघत राहिली, नि म्हणाली, पोटच्या पोरीच्या लग्नाला गेला नाहीत, आणि इथं फुलांची लग्नं लावताय होय? एरवी मी एकाला दोन ऐकवतो. त्या दिवशी मात्र मान खाली घालून पुढचं फूल तोडलं. तू तुझ्या मनानं दिवाकर मास्तर निवडलास, त्यात वाईट काहीच नव्हतं. मला आधी विचारलं नाहीस, एवढाच राग होता. चुकलो मी, पोरी.

आता काकड्या चांगल्या वीतभर झाल्यात. तुला सातवा लागला असेल, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं तुला न्यायला यावं म्हणतो. पण ज्या घरच्या कार्याला आलो नाही, त्या घरात कोणत्या तोंडानं शिरू? दिवाकररावांना विचार, सासऱ्याला आत घेतील का. तेवढं विचारायलाच हे पत्र. नाही म्हणाले तरी रागावणार नाही, काकड्या दाराशी ठेवून परत फिरेन.

तुझाच,
नाना